राणीच्या राज्यांतील राजा : पोर्तुगालचा तिसरा पेद्रो

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आमच्या भाषेंतील जुनी म्हण आहे. आणि वऱ्हाडच्या रयतेस तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. अठराव्या शतकांत या प्रांतावर एकीकडे निजामाचा व दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांचा असा दुहेरी अंमल चालत असे. एकाच शेताच्या पिकावर दोन धनी हक्क सांगत, आणि दोघांची भूक भागवितां भागवितां कुणबी मात्र उपाशी राही. त्या दोअमलीच्या काळींच, येथून हजारों कोस दूर, युरोप खंडाच्या पश्चिम टोंकास पोर्तुगाल नांवाच्या लहानशा राज्यांत एका सिंहासनाचे दोन अधिकारी झाले होते. एक राणी व दुसरा तिचा पति. राज्य राणीचें, तिच्यामुळें तो राजा. इसवी सन १७७७ पासून १७८६ पर्यंत नऊ वर्षें हा संसार व हें राज्य बरोबरीनें चाललें, आणि त्या म्यानांतून तलवारींचा खणखणाट कधीं ऐकूं आला नाहीं. त्या राजाचें नांव पेद्रो तिसरा, व राणीचें मारिया पहिली.

या महोत्सवाच्या स्मरणिकेंत त्याचें चरित्र देण्याचें कारण सांगणें अवश्य आहे. आमच्या विदर्भांत ख्रिस्ती श्रद्धा पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली नाहीं. सालेसच्या संत फ्रान्सिसचें नांव धारण करणाऱ्या संघाच्या मिशनरी धर्मगुरूंनीं ती नागपूरकडून इकडे आणिली, आणि १९५५ सालीं नागपूर धर्मप्रांतांतून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाल्यापासून वाशीमकडील भाविक त्याच्या छत्राखालीं आहेत. तेव्हां पोर्तुगालच्या राजांचे ऋणाईत म्हणून आम्ही हें लिहीत नाहीं. शिवाय हा राजा संत नव्हता, विजेता नव्हता, मोठा पंडितहि नव्हता. परंतु कोणत्याहि धर्मग्रामाची विवाहनोंदीची वही उघडून पाहावी. प्रत्येक ओळींत दोन नांवें असतात. त्या दोहोंतील पुढें कोणी चालावें व मागें कोणी राहावें, या एका प्रश्नावरून किती घरें दुभंगतात, हें आमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. पेद्रोच्या आयुष्यांत हाच प्रश्न एका राज्याएवढा मोठा होऊन उभा राहिला. त्यानें तो कसा सोडविला व कोठें तो उणा पडला, हें पाहणें व्यर्थ जाणार नाहीं.

पेद्रोचा जन्म ५ जुलै १७१७ रोजीं लिस्बन येथें झाला. पिता पांचवा जुआंव हा पोर्तुगालचा राजा व माता मारिया आना ही ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील. ब्राझील देशांतील सोन्याच्या व हिऱ्यांच्या खाणींमुळें त्या काळीं पोर्तुगालचा खजिना भरून वाहत होता. अपत्यप्राप्तीसाठीं केलेल्या नवसाप्रीत्यर्थ जुआंव राजानें माफ्रा येथें मठ, मंदिर व राजवाडा असें जें प्रचंड बांधकाम उभारिलें, त्याचा पाया पेद्रोच्या जन्मवर्षींच, म्हणजे नोव्हेंबर १७१७ मध्यें, घातला गेला. नवसाचीं मंदिरें उठतांना पाहत हा मुलगा वाढला. त्याचा वडील बंधु जुझे हा त्याच्याहून तीन वर्षांनीं मोठा. राज्य त्याच्याकडे जाणार हें ठरलेलें होतें. धाकट्या राजपुत्रांच्या निर्वाहासाठीं राखून ठेविलेली मोठी जहागीर १७४२ सालीं चुलत्याच्या मृत्यूनंतर पेद्रोकडे आली. द्रव्य होतें, मान होता, परंतु अधिकार नव्हता. दुसऱ्या स्थानावर कसें बसावें, हें त्यास लहानपणापासूनच शिकावें लागलें.

ज्यास राज्य करावयाचें नाहीं, त्यानें आपला उत्साह कोठें तरी खर्चावा लागतो. पेद्रोनें तो बांधकामांत खर्चिला. लिस्बनपासून थोड्या अंतरावर केलूश येथें त्याच्या जहागिरींतील एक जुना वाडा होता. १७४७ सालीं त्यानें मातेउश व्हिसेंत या वास्तुकाराकरवीं तेथें नव्या राजवाड्याचें काम सुरू केलें. पुढें रोबिल्याँ नांवाच्या फ्रेंच कारागिराचाहि हात त्यास लागला. मोजक्या उंचीचें, रेखीव, बागांनीं वेढलेलें असें तें गृह होतें. बागेंतून वाहणाऱ्या ओढ्यास रंगीत चित्रांच्या फरशांनीं बांधून काढलें होतें, आणि त्या पाण्यावर राजकुटुंब नौकाविहार करी. याच मातेउश व्हिसेंतनें पुढें लिस्बनमधील संत अंतोनीच्या जन्मस्थानावरील भूकंपांत कोसळलेलें मंदिर पुनः बांधलें. आमच्या भाविकांच्या ओठीं ज्या संताचें नांव हरवलेली वस्तु शोधतांना सहज येतें, तोच हा संत. पेद्रोस त्याच्या देशबांधवांनीं इमारती उभारणारा असें एक टोपणनांव दिलें, तें यथार्थ होतें.

१७५० सालीं जुआंव राजा वारला व जुझे गादीवर आला. नवा राजा शिकारीचा व संगीत-नाट्याचा शौकीन. राज्यकारभार त्यानें एका मंत्र्याच्या हातीं सोंपविला. हाच पुढें पोंबालचा मार्क्विस या नांवानें प्रसिद्ध झाला. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, मंदिरें भाविकांनीं भरलेलीं असतां लिस्बन शहर भूकंपानें हादरलें. भिंती पडल्या, समुद्र शहरांत शिरला, आणि वेदींवरील मेणबत्त्यांनीं व घरांतील चुलींनीं लागलेली आग कित्येक दिवस विझली नाहीं. राजकुटुंब त्या दिवशीं शहराबाहेर होतें म्हणून वांचलें. त्यानंतर जुझे राजानें दगडी छपराखालीं राहण्याचें धैर्य कधीं केलें नाहीं. आजुदा टेकडीवरील लांकडी वाड्यांतच त्याचें आयुष्य गेलें. उद्ध्वस्त शहर पोंबालनें कणखरपणानें पुनः उभारिलें. हें त्याचें कर्तृत्व शत्रूसहि नाकारतां येणार नाहीं.

परंतु जो हात शहर बांधीत होता, तोच हात माणसें मोडीत होता. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्रीं राजाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या कटाच्या आरोपावरून जानेवारी १७५९ मध्यें ताव्होरा या थोर घराण्यांतील स्त्रीपुरुषांस भर चौकांत अत्यंत क्रूरपणें ठार मारण्यांत आलें. त्याच आरोपाचें बोट येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे वळलें व त्याच वर्षीं त्यांची पोर्तुगालच्या सर्व मुलखांतून हकालपट्टी झाली. गोव्यांतील मठ व विद्यालयेंहि त्यांतून सुटलीं नाहींत. शेंकडों माणसें खटल्यावांचून तुरुंगांत पडलीं. राजाचा सख्खा भाऊ म्हणून पेद्रो सुरक्षित होता. परंतु त्याचे स्नेही सुरक्षित नव्हते. येशूसंघाविषयीं त्याचा आदर व पोंबालविषयीं त्याचा तिटकारा सर्वांस ठाऊक होता. तथापि त्यानें बंडाचा मार्ग धरला नाहीं. भावाच्या राज्यांत भावाविरुद्ध पक्ष उभारावा, हें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. कोणी यास भित्रेपणा म्हणतील. आम्ही त्यास संयम म्हणतों; पण संयमाच्या छायेंत निरपराध्यांचे उसासे विरून जातात, हेंहि विसरत नाहीं.

जुझे राजास पुत्र नव्हता. चार कन्या होत्या. ज्येष्ठ कन्या मारिया, जन्म १७ डिसेंबर १७३४, ही गादीची वारस. तिनें परक्या देशाच्या राजपुत्राशीं लग्न केलें, तर राज्य परक्या घराण्यांत जाण्याचें भय होतें. १५८० पासून १६४० पर्यंत साठ वर्षें पोर्तुगालनें स्पेनच्या राजांचें जूं वाहिलें होतें, आणि ती आठवण अद्याप बुजली नव्हती. म्हणून तिचा विवाह तिच्या सख्ख्या चुलत्याशीं, म्हणजे पेद्रोशीं, ठरला. काका-पुतणीचें लग्न ऐकून आमचे वाचक दचकतील. आमच्या समाजांत असा संबंध कल्पनेंतहि येत नाहीं. ख्रिस्तसभेच्या नियमांतहि तो निषिद्ध आहे, आणि रोमच्या खास परवानगीनेंच तो होऊं शकला. ६ जून १७६० रोजीं विवाह झाला, तेव्हां वर त्रेचाळिशींत पदार्पण करीत होता व वधू पंचवीस वर्षांची होती. या सोहळ्याचेंहि पोंबालनें शस्त्र केलें. पोपमहाशयांच्या वकिलानें आपल्या निवासस्थानीं रोषणाई केली नाहीं, एवढें निमित्त काढून त्यास देशाबाहेर घालविण्यांत आलें. आणि पुढें सुमारें दहा वर्षें रोमशीं राजदरबाराचा संबंध तुटला. रोमच्या कृपेनें लागलेलें लग्न रोमशीं भांडणाचें कारण व्हावें, याचें त्या धर्मभीरु दंपतीस किती दुःख झालें असेल!

राज्यासाठीं जुळविलेला हा विवाह. परंतु त्यांतून खरें प्रेम उपजलें. वयांत सतरा वर्षांचें अंतर असूनहि दोघांचे स्वभाव जुळले. दोघेंहि देवभक्त, दोघांसहि पोंबालची सत्ता बोंचत असे, आणि दोघांसहि वाट पाहण्यावांचून उपाय नव्हता. १७६१ सालीं जुझे हा पुत्र झाला. पुढें १७६७ च्या १३ मे रोजीं जुआंव व १७६८ सालीं मारियाना व्हितोरिया हीं अपत्यें झालीं. इतर मुलें बालपणींच प्रभूकडे गेलीं. राजवाड्यांतील पाळणा रिकामा झाला म्हणजे झोंपडींतील आईपेक्षां राणीचें दुःख कमी असतें, असें कोणी समजूं नये. केलूशच्या बागेंत संत जुआंव व संत पेद्रु यांच्या जूनमधील सणांस संगीत होई, दारूकाम उडे. एरव्हीं प्रार्थना, मिस्सा आणि शिकार यांत पेद्रोचे दिवस जात. मंदिराच्या सेवेंत तो इतका रमे कीं, लोकांनीं त्यास साक्रिस्तांव असें चेष्टेचें नांव ठेविलें. वेदीची मेणबत्ती लावणाऱ्यास हें नांव लज्जास्पद वाटण्याचें कारण नाहीं.

२४ फेब्रुवारी १७७७ रोजीं जुझे राजानें देह ठेविला, आणि पोर्तुगालच्या इतिहासांत प्रथमच एक स्त्री निर्वेधपणें स्वतःच्या हक्कानें राज्यावर आली. त्या देशाचा एक कायदा येथें सांगितला पाहिजे. राणीच्या पतीस राजा ही पदवी विवाहानें मिळत नसे. राणीस अपत्य झालें म्हणजेच मिळे. पेद्रोस पुत्र होते, म्हणून तो त्याच दिवशीं तिसरा पेद्रो या नांवानें राजा झाला. पुढें त्यांची पणती दुसरी मारिया हिचा पहिला पति ऑगस्त १८३५ सालीं विवाहानंतर लवकरच अपत्यावांचून वारला, तो राजा म्हणविला गेला नाहीं. तिचा दुसरा पति फर्नांदु यास १८३७ सालीं पुत्र झाल्यावरच तें पद मिळालें. म्हणजे पोर्तुगालच्या राणीच्या पतीचा मान त्याच्या तलवारीवर नव्हे, तर पाळण्यावर अवलंबून असे. ज्या मानास मनुष्य स्वतः कारण नसतो, तो मिरविण्यांत अहंकारास जागा थोडी राहते. आणि पेद्रोनें तीहि ठेविली नाहीं.

राज्यारोहणाचा समारंभ १३ मे १७७७ रोजीं लिस्बनच्या नदीकांठच्या मोठ्या चौकांत झाला. आमच्या वाचकांस १३ मे ही तारीख फातिमाच्या मातेमुळें पवित्र वाटते. तें दर्शन याच देशांत १९१७ सालीं घडलें. समारंभ राज्याभिषेकाचा नव्हता, जयघोषाचा होता. कारण पोर्तुगालचे राजे मस्तकावर मुकुट घालीत नसत. १६४६ सालीं चौथ्या जुआंव राजानें आपलें राज्य निष्कलंक मरियेच्या चरणीं अर्पण करून तिलाच राज्याची स्वामिनी मानिलें, आणि तेव्हांपासून तो मुकुट मातेचा झाला. तेव्हां मारिया व पेद्रो यांपैकीं थोरला कोण, हा वादच खरें पाहतां त्या राज्यांत उरला नव्हता. दोघेंहि मुकुटावांचून उभीं होतीं. पहिलें आसन मातेस दिलेलें होतें. दुसऱ्या आसनाची लाज वाटूं नये, हें शिकण्यास याहून उत्तम शाळा कोणती?

राणीचें पहिलें काम म्हणजे पोंबालचा राजीनामा स्वीकारणें. तें मार्च १७७७ मध्यें झालें. तुरुंगांचे दरवाजे उघडले आणि वर्षानुवर्षें अंधारांत राहिलेलीं माणसें बाहेर आलीं. त्यांत धर्मगुरु होते, सरदार होते, म्हातारे झालेले तरुण होते. चौकांतील जुझे राजाच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर पोंबालचें मुखचित्र बसविलें होतें, तेंहि काढण्यांत आलें. येथें पेद्रोच्या हातून जें झालें, तें त्याच्या आयुष्यांतील ठळक कार्य होय. अन्याय झालेल्यांचे अर्ज त्यानें राणीपुढें आणिले व त्यांचा कैवार घेतला. परंतु हा कैवार सोपा नव्हता. ताव्होरांना निर्दोष म्हणणें म्हणजे राणीच्या दिवंगत पित्याच्या आज्ञेवर बोट ठेवणें होतें. एका बाजूस न्याय, दुसऱ्या बाजूस पित्याचें नांव. आणि या दोहोंमध्यें पत्नीचें मन पिळवटून निघत असतां पतीनें किती जोर करावा? १७८१ सालीं फेरविचार करणाऱ्या न्यायाधीशांनीं त्या घराण्यांतील बहुतेकांस निर्दोष ठरविलें. पण त्या निर्णयावर शेवटची मोहोर उठली नाहीं. पोंबालहि त्याच वर्षीं दोषी ठरला. राणीनें त्याचें वार्धक्य व आजार पाहून शिक्षा माफ केली, आणि राजसभेपासून वीस पोर्तुगीज कोसांच्या आंत येऊं नये एवढीच आज्ञा केली. तो ८ मे १७८२ रोजीं आपल्या गांवींच मरण पावला. ज्याच्या हुकुमानें ताव्होरांचें रक्त सांडलें, त्याचें रक्त सांडलें नाहीं. सूड घेण्याची संधि हातीं असतां ती सोडणें, हाच क्षमेचा खरा कस.

राज्यकारभाराच्या गाड्यांत मात्र पेद्रोनें खांदा घातला नाहीं. नाण्यांवर दोघांचीं मुखें एकाशेजारीं एक कोरलेलीं असत, आणि लेखांत मारिया पहिली व पेद्रो तिसरा अशीं दोन्ही नांवें असत. पण मंत्र्यांशीं खल करणें व निर्णय देणें हें राणीचें काम. तिच्या राज्यांत १७७७ च्या तहानें स्पेनशीं दक्षिण अमेरिकेंतील सीमांचा जुना तंटा मिटला, १७७९ सालीं लिस्बनची शास्त्र-परिषद स्थापन झाली, आणि १७८० सालीं निराश्रित मुलांसाठीं काझा पिया ही संस्था निघाली. यांचें श्रेय पेद्रोचें नव्हे. तो माणसांची पारखहि फार खोल करीत नसे. कोणाविषयींहि विचारलें तर तो लायक व योग्य आहे असेंच म्हणे, म्हणून लोकांनीं त्याच शब्दांचें एक हास्यास्पद टोपणनांव त्यास जोडलें होतें. इतिहासकारांनीं या सर्व गोष्टींवरून त्यास दुबळा ठरविलें आहे. त्यांत तथ्य आहे. परंतु राणीच्या अधिकारास आड न येणारा पति हा त्या काळीं दुर्मिळ होता. सत्तेच्या लोभानें त्यानें पत्नीच्या नांवाआडून राज्य हांकलें असतें, तर त्यास अडविणारें कोण होतें?

या दोघांच्या राज्याचा आमच्या मराठी मुलखाशींहि निकटचा संबंध आहे. तो गोड तेवढाच सांगणें सत्यास धरून होणार नाहीं. गोव्यांतील धर्मन्यायासन पोंबालच्या काळांत १७७४ सालीं बंद झालें होतें. तें १७७८ सालीं पुनः सुरू झालें व कायमचें बंद होण्यास १८१२ साल उजाडलें. ज्या राज्यानें लिस्बनचे तुरुंग उघडले, त्यानेंच गोव्यांत भीतीचें दार पुनः उघडलें. राजपत्रांवर दोघांचीं नांवें होतीं. तेव्हां यशांत पेद्रोस वाटा द्यावयाचा तर या दोषांतहि तो द्यावाच लागेल. धर्माची आवड आणि धर्माची सक्ति या दोन वस्तु एक नव्हेत, हें ख्रिस्तसभेनें पुढें स्पष्ट शब्दांत मान्य केलें आहे.

दुसरा संबंध राजकारणाचा. १७७२ सालीं मराठ्यांच्या आरमारानें पोर्तुगीजांचें सांताना नांवाचें लढाऊ जहाज पकडलें होतें. १७७९ सालीं, पुण्यास बाल सवाई माधवरावाच्या नांवानें नाना फडणीस कारभार पाहत असतां व इंग्रजांशीं युद्ध जुंपलेलें असतां, पेशव्यांनीं पोर्तुगीजांशीं स्नेहाचा तह केला. त्या तहांत भरपाई म्हणून दमणजवळील नगर हवेलीच्या गांवांपैकीं बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख देण्याचें ठरलें. १७८३ सालीं पोर्तुगीजांनीं त्या बहात्तर गांवांचा ताबा घेतला व १७८५ सालीं दादरा विकत घेतलें. तिकडे गोव्याच्या उत्तरेस १७८१-८२ मध्यें डिचोली व सत्तरी हे महाल सावंतांकडून त्यांच्या राज्यांत गेले. गोव्याच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयांवरहि राणी-राजाचीं जोडमुखें आलीं. दादरा व नगर हवेली १९५४ सालीं पोर्तुगीज सत्तेंतून मुक्त झालीं आणि गोवा १९६१ सालीं. म्हणजे त्या तहाची सांवली पावणेदोनशें वर्षें आमच्या शेजारीं पडलेली होती. त्याच दशकांत माहेश्वरास अहिल्याबाई होळकर एकटीनें राज्य चालवीत होत्या, आणि आमच्या वाशीम नगरींतील बालाजीचें मंदिरहि त्याच सुमाराचें. कालाचा हा मेळ ध्यानांत ठेविला म्हणजे पेद्रो व मारिया हीं परीकथेंतील राजाराणी न वाटतां आमच्याच पूर्वजांचे समकालीन वाटूं लागतात.

या दंपतीचें जें कार्य सर्व ख्रिस्ती जगाच्या स्मरणांत राहिलें, तें म्हणजे लिस्बनमधील इश्त्रेलाचें मंदिर. पुत्र झाल्यास येशूच्या पवित्र हृदयाच्या नांवें मंदिर व कार्मेल संघाच्या भगिनींसाठीं मठ बांधीन, असा मारियेनें नवस केला होता. पुत्र १७६१ सालींच झाला. परंतु पोंबालच्या अमलांत नवस फेडतां आला नाहीं. राज्य हातीं आल्यावर २४ ऑक्टोबर १७७९ रोजीं पायाचा दगड बसविला गेला. नकाशा काढला तो केलूशच्याच मातेउश व्हिसेंतनें. त्या काळीं पवित्र हृदयाची भक्ति नवी होती व तिच्यावर टीकाहि होत असे. तिचा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू झाला तो १८५६ सालीं. इश्त्रेलाचें हें मंदिर पवित्र हृदयास वाहिलेल्या जगांतील पहिल्या मंदिरांत गणलें जातें. आज आमच्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांत भिंतीवर जी पवित्र हृदयाची तसबीर असते व जिच्यापुढें सायंकाळीं दिवा लागतो, त्या भक्तीच्या लांब वाटेवरील एक पायरी या राजाराणीनें बांधली आहे.

तें मंदिर पूर्ण झालेलें पाहण्याचें भाग्य पेद्रोस लाभलें नाहीं. २५ मे १७८६ रोजीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, तो निधन पावला. लिस्बनच्या सांव व्हिसेंत द फोरा मंदिरांत, ब्रागांझा घराण्याच्या समाधिस्थानीं, त्यास मूठमाती देण्यांत आली. राज्याच्या कारभारांत त्याच्या जाण्यानें कोणतीहि खुर्ची रिकामी झाली नाहीं. मंत्री तेच, राणी तीच. वरवर पाहणाऱ्यास वाटलें असेल कीं, राज्याचें कांहींच गेलें नाहीं.

काय गेलें तें पुढील सहा वर्षांनीं दाखविलें. सप्टेंबर १७८८ मध्यें ज्याच्यासाठीं नवस केला होता तो ज्येष्ठ पुत्र जुझे देवीच्या रोगानें सत्ताविसाव्या वर्षीं गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्पेनमध्यें दिलेली कन्या मारियाना व्हितोरिया, तिचा पति व तान्हें बाळ हीं त्याच रोगास बळी पडलीं. आणि राणीचे वृद्ध धर्मोपदेशकहि त्याच महिन्यांत वारले. नवसाचें मंदिर १७८९ सालीं आशीर्वादित झालें, तेव्हां नवसाचा पुत्र व त्याचा पिता दोघेहि हयात नव्हते. एकटी राणी त्या घुमटाखालीं उभी राहिली. १७९२ च्या आरंभीं तिच्या मनाचा तोल पूर्णपणें गेला. इंग्लंडच्या राजावर उपचार करणारा वैद्य बोलाविला, तोहि निरुपाय झाला; आणि धाकटा पुत्र जुआंव राज्य पाहूं लागला. मनाचा रोग हें पाप नव्हे व श्रद्धेची उणीवहि नव्हे. तो शरीराच्या रोगासारखाच रोग आहे. केवळ वैधव्यामुळें तो जडला असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्याजवळ मन मोकळें करावें, रात्रीं उठून ज्यास हाक मारावी, तो सोबती आधींच निघून गेला होता. घराच्या मेढीस कोणी शृंगारीत नाहीं. ती निघाली म्हणजेच छप्पर कशावर होतें तें कळतें.

१८०७ सालीं नेपोलियनचें सैन्य लिस्बनवर चालून आलें, तेव्हां सर्व राजकुटुंब ब्राझीलला गेलें. तेथेंच रिओ द जानेइरो शहरीं २० मार्च १८१६ रोजीं मारिया राणीचा अंत झाला. पुढें १८२१ सालीं तिचा देह समुद्रमार्गानें परत आणिला गेला व तिच्याच नवसाच्या इश्त्रेला मंदिरांत ठेविला गेला. अशा रीतीनें नाण्यांवर एकत्र कोरलेलीं तीं दोन मुखें एकाच शहरांतील दोन मंदिरांत वेगवेगळीं विसावलीं आहेत. पेद्रोचें केलूश मात्र अद्याप उभें आहे. १९३४ सालीं त्यास मोठी आग लागली होती. डागडुजी होऊन तें आज सर्वांस पाहण्यास खुलें आहे. तेथेंच १७९८ सालीं त्याचा नातू, आजोबाचेंच नांव धारण करणारा, जन्मला. तो पुढें स्वतंत्र ब्राझीलचा पहिला सम्राट झाला.

वाचकहो, या चरित्रांत चमत्कार नाहीं, रणांगण नाहीं, आणि दोष मात्र आहेत. अधिकार हातीं नसतांना पेद्रो कित्येक अन्याय मुकाट्यानें पाहत राहिला, आणि राजपद मिळाल्यावर आपल्या नांवानें काय चाललें आहे याची चौकशी त्यानें पुरेशी केली नाहीं. मागें उभें राहणें म्हणजे डोळे मिटून उभें राहणें नव्हे, हा धडा त्याच्या उणिवेंतून घेण्यासारखा आहे. परंतु त्याच्या गुणांतूनहि एक धडा आहे, आणि तो आमच्या घरांस अधिक जवळचा आहे. आज आमच्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत पत्नी शाळेंत शिकविते, रुग्णालयांत सेवा करिते, ग्रामपंचायतींत निवडून येते. तिचें नांव आधीं घेतलें जातें व पतीचें मागून. त्या वेळीं पतीच्या मनांत कांटा रुततो कीं आनंद होतो, यावर त्या घराची शांति अवलंबून आहे. वऱ्हाडच्या दोअमलींत दोन धन्यांनीं रयत पिळली, कारण प्रत्येकाची दृष्टि आपल्या हिश्शावर होती. लिस्बनच्या सिंहासनावर दोघें सुखानें नांदलीं, कारण त्यांतील एकानें आपला हिस्सा मोजलाच नाहीं.

महोत्सवाच्या या मंगल समयीं, ज्यांनीं कधीं पहिल्या रांगेंत खुर्ची मागितली नाहीं, ज्यांनीं मंदिर झाडलें, घंटा वाजविली, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढली आणि सोबत्याचा मोठेपणा आपलाच मानिला, अशा सर्व हयात व दिवंगत बंधुभगिनींची आम्हांस आठवण होते. त्यांची नांवें कोणत्याहि नाण्यावर नाहींत. येशूच्या पवित्र हृदयांत तीं कोरलेलीं राहोत, आणि आमच्या प्रत्येक घरांत त्यांच्यासारखें एक तरी माणूस सदैव असो, हीच प्रभुचरणीं आमची नम्र प्रार्थना.